हजेरीचा तांब्या

पंचशीला दर वर्षी दिवाळी झाली की गावी यायची, बापाची बॅग भरायची, आणि तीच भरलेली बॅग पुन्हा रिकामी करून एकटीच पुण्याला परत जायची. कारण दर वर्षी एकच. "हंगाम सरू दे, मग येतो." हंगाम म्हणजे ऊसतोडीचा. नांदूरघाटाच्या पलीकडं, डोंगराला चिकटून असलेल्या त्या गावातली हातपाय धड असलेली सगळी माणसं दिवाळीनंतर टोळ्या करून कारखान्यांवर जायची. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार लादायचा आणि निघायचं. मागं राहायचे म्हातारे, कुत्री आणि कुलपं. त्या म्हाताऱ्यांची राखण करायला राहायचा तिचा बाप, कचरू फौजी. आपण स्वतः पंचाहत्तरीला टेकलोय, हे मात्र त्याच्या ध्यानात कधी यायचं नाही.

या वर्षी ती ठरवून आली होती. श्रावणात कचरूला केजच्या स्टँडवर चक्कर आली होती. दोन अनोळखी पोरांनी धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं, आणि ही गोष्ट पंचशीलाला कळली थेट गणपती उठल्यावर, तीही सटवाच्या तोंडून, फोनवर, ओरडून. सटवा हा कचरूचा जुना मित्र. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून जगालाच कमी ऐकू येतं असं धरून तो बोलतो. पंचशीला हडपसरच्या एका दवाखान्यात नर्स होती. दिवसभर दुसऱ्यांच्या आईबापांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी बघायची आणि आपला बाप तिकडं डोंगरात एकटा, याची तिला लाज वाटायची. लाजेपेक्षा भीती जास्त. एक दिवस फोन येईल आणि पलीकडचा माणूस बोलायच्या आधी नुसता खाकरेल, ही ती भीती.

"आबा, या वर्षी मी एकटी जाणार नाही," संध्याकाळी भाकरी वाढता वाढता तिनं सांगून टाकलं. "तुम्ही येत नसाल तर मी नोकरी सोडून इथं येऊन बसते. प्रविणला सांगूनच निघालेय."

प्रविण म्हणजे तिचा नवरा. त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन गावी पोचायचं, एवढीच त्याची कामगिरी.

कचरूनं पिठल्यात बुडवलेला घास तोंडात घातला, सावकाश चावला, पाणी प्याला. भिंतीवरच्या बायकोच्या, भामाबाईच्या फोटोकडं त्यानं एकदा बघितलं. मग म्हणाला, "बरं. उद्या सकाळची हजेरी घेतो, मग निघू."

पंचशीलाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. एवढ्या लवकर गड पडेल असं तिला वाटलं नव्हतं. "खरंच?"

"फौजीची जबान हाय," कचरू म्हणाला आणि ताटात हात धुतला.

कचरू एकाहत्तरच्या लढाईत होता. तोफेच्या गोळ्याचा तुकडा डाव्या गुडघ्यात अजून आहे. थंडी पडली की तो तुकडा जागा होतो आणि कचरूलाही जागं ठेवतो. गावाला त्याच्याकडून लढाई ऐकायची लई हौस. झेंडावंदनाला गुरुजी दर वर्षी माईक हातात देतात, आणि हा गडी दर वर्षी तिकडच्या चहात किती साखर असायची ते सांगून खाली बसतो. पोरं हिरमुसतात. लेकीला मात्र त्यानं एक गोष्ट सांगितली होती. सरहद्दीवर खंदकात रात्र काढायची, बोलायचं नाही, काडी ओढायची नाही. पहाटे हवालदार वाकून वाकून एकेका खंदकापाशी यायचा आणि काठीनं मगावर टक्क करायचा. आतल्यानं आपल्या मगावर टक्क करून जबाब द्यायचा. तेवढ्यावर समजायचं की आपला माणूस आहे. एका पहाटे शेजारच्या खंदकातून टक्क आलंच नाही. एवढं सांगून कचरू थांबायचा, आणि पुढचं पंचशीलानं कधी विचारलं नाही.

फौजेतून आल्यावर तो केजला एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला आणि त्या पगारावर त्यानं लेकीला नर्सिंगला लातूरला पाठवलं. वस्तीवरच्या कुणाची पोर तोवर एवढ्या लांब शिकायला गेली नव्हती. दर रविवारी हा माणूस एसटीनं लातूरला जायचा, मेसचं जेवण पोरीला मानवत नाही म्हणून भामाबाईनं बांधून दिलेल्या भाकरी पोचवायचा आणि उलट्या पावली फिरायचा. होस्टेलच्या फाटकापाशी तो कडक उभा राहायचा. मैत्रिणी हसायच्या, पंचशीलाला लाज वाटायची. आज ते आठवलं की तिला त्या लाजेचीच लाज वाटते. पुढं भामाबाईचं एक अंग लुळं पडलं, तेव्हा ती जाईस्तोवर तिचं सगळं कचरूनं केलं. न्हाऊ घातलं, भरवलं, वेणीसुद्धा घातली. वेणी कधी सरळ आली नाही. भामाबाई आरशात बघून अर्ध्या तोंडानं हसायची आणि कचरू पुन्हा सोडून पुन्हा घालायचा.

हजेरीचं खूळ निघालं ते मुंजाजीमुळं. काही वर्षांमागं ऐन हंगामात मुंजाजी गेला. लेक-सून कर्नाटकात उसाच्या फडात, म्हातारा घरात एकटा. त्याची शेळी दावणीला ओरड ओरड ओरडत होती. लोकांना वाटलं, भुकेली असेल. शेवटी कचरूनं दार ढकललं. त्यानंच मुंजाजीला धुतलं-पुसलं, लेक येईपर्यंत उशाशी बसून राहिला, आणि उचलायला माणसं पुरेनात तेव्हा त्या गुडघ्यानिशी पुढचा खांदा दिला. स्मशानातून आल्यावर तो कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी पारापाशी उभा राहून ओरडला, ते मात्र अख्ख्या गावानं ऐकलं.

"तिकडं गोळे पडत हुते, तरी सकाळच्याला कळायचं कोण हाय आन कोण न्हाई! इथं काय पडतंय? इथं माणूस मेलेला शेळीला कळतो, आपल्याला न्हाई कळत!"

दुसऱ्या दिवसापासून हजेरी सुरू झाली. उठलं की भरलेला तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा. कचरू उजाडता उजाडता फेरी मारणार, काठीनं तांब्यावर टण्ण करणार आणि पुढं जाणार. तांब्या पालथा असला तर त्या घराला काहीतरी हवंय, औषध म्हणा, दळण म्हणा, नाहीतर फडातल्या पोराला फोन लावून द्यायचाय. तांब्याच नसला तर सरळ दार ढकलायचं. सुरुवातीला म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, आमी काय मेंढरं हावोत का मोजायला. मग अशी सवय लागली की विचारू नका. सटवा तर तांब्या चिंचेनं घासून लखलखीत ठेवतो, आणि शेजारणीचा काळा दिसला की कचरूपाशी चुगली करतो.

या सगळ्यात पंचशीलाला सलायची ती चंद्रभागाबाई. वरच्या आळीत, पार टोकाला तिचं दगडी घर. पोरं बीडला आणि संभाजीनगरला नोकऱ्यांत. तिच्या घरातलं कुणी ऊसतोडीला कधी गेलं नाही, पण एकटं पडायला ऊसच लागतो असं थोडंच आहे. हजेरीच्या पहिल्याच दिवशी तिनं तांब्या ठेवला आणि दाराआडून बजावलं, "काठीनं वाजव रं. हात नगं लावू." कचरू वस्तीवरचा, बौद्ध. त्याचा बाप याच दारात, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यालेला. कचरूनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आक्का, मला कुठं तुमचं पाणी प्यायचंय? तुमी जित्या हायत एवढं कळलं, बास झालं." आणि त्या दिवसापासून त्यानं एकूण एक घरचा तांब्या काठीनंच वाजवला. एकाच दारात काठी आणि बाकीच्यांना हात, असला फरक त्याला करायचा नव्हता.

त्या रात्री अंथरुणं घालताना पंचशीलानं तो विषय काढलाच. "जिला तुमचा हात चालत नाही, तिच्याच दारात तुम्ही पहिले जाता. तेही ओढ्यातनं, रस्ता सोडून."

"ती टोकाला हाय. टोकाची पोस्ट आधी बघायची असती."

"असती म्हणे! आणि तुमचा तांब्या कुठंय? तुमच्या उंबऱ्यावर मी एकदाही बघितला नाही."

कचरूला हसू आलं. "येडे, हजेरी घेणारा आपलीच हजेरी कशी घील?"

"मग तुम्हाला काही झालं तर कळायचं कुणाला?"

यावर कचरूनं पांघरूण ओढून घेतलं, भिंतीकडं तोंड केलं आणि मग बोलला. "रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडायची नसती, शीला. मी सोडून निघालोय. तेवढं एक लागलंय मनाला."

पंचशीलानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला बाप हवा होता. देशानं नेला, बँकेनं नेला, आता गावानं धरून ठेवलेला. उरलासुरला तरी आपल्या वाट्याला यावा, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काय होती?

सकाळी ती उठली तेव्हा कचरू निघून गेला होता. तिनं चहा ठेवला, बॅगा दारात आणल्या, घर झाडून काढलं. उन्हं अंगणात आली तरी कचरूचा पत्ता नाही. चहा तिनं दोनदा गरम केला. रोज एवढ्यात हा माणूस परत येऊन दाढीला बसलेला असतो. तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. बसला असेल सटवाच्या ओट्यावर. गाडी येऊन थांबेल, प्रविण कंटाळेल, मग आबा येतील आणि तोंड पाडून म्हणतील, अमक्याला ताप आलाय, तमकीचं औषध आणायचंय, हंगाम सरू दे.

"लढाईतनं पळाले नाहीत, आणि पुण्याच्या भीतीनं पळाले," ती मोठ्यानं म्हणाली आणि चहा ओतून दिला. शोधायला म्हणून ती जाणार नव्हती. बघू कोण आधी थकतं ते.

थोड्या वेळानं वस्तीच्या तोंडाशी कुत्री भुंकायला लागली. पंचशीलानं बाहेर येऊन बघितलं आणि बघतच राहिली. रस्त्यानं चंद्रभागाबाई येत होती. पाठीत वाकलेली, अनवाणी, पदर एकीकडं गेलेला, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला पितळेचा तांब्या. तिच्या मागं सटवा धापा टाकत. अख्ख्या जन्मात या बाईनं वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं. मतं मागायला तिच्या भावकीतली पोरं येऊन गेली होती, ती कधीच नाही.

"तुझा बाप कुठाय?" तिनं अंगणात येताच विचारलं.

"तुमच्याकडंच गेलेत की पहाटे."

"माझ्याकडं आला असता तर मी इथं कशाला तडफडत आले असते, बये? माझ्या दारात काठी वाजली न्हाई. ह्या सटवाकडं न्हाई, कुणाकडंच न्हाई. पुण्याला निघून गेला म्हनावं, तर तू इथं!"

"न सांगता जानारा न्हाई त्यो!" सटवा ओरडला.

 एवढा वेळ पंचशीला रुसून बसली होती. घड्याळाकडं बघत, बापाला मनातल्या मनात बोल लावत. नर्स असून.

"ओढा," ती म्हणाली आणि पळत सुटली.

कचरू ओढ्यातच होता. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला आणि चांगल्या पायाचं, उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. लढाईतला पाय शाबूत राहिला. कोपरांवर सरपटत त्यानं काठापर्यंतचा अर्धा रस्ता कापला होता. अंगभर चिखल, ओठ कोरडेठाक. हातातली काठी तो मधूनमधून दगडावर आपटत होता. पण ती टकटक ऐकायला आसपास होतं कोण?

लेकीला बघून त्यानं काठी खाली ठेवली. तिच्या मागून, सटवाच्या खांद्याचा आधार घेत उतरणारी चंद्रभागाबाई दिसली आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"आक्का, हायत व्हय तुमी?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुमच्याकडं यायचं राहिलं. म्हनलं, आज बघितलं न्हाई, आन आजच काय हुऊन बसतंय का काय."

पंचशीला रडत होती आणि रडता रडता काम करत होती. ओढणी काढली, दोन तुकडे केले, त्याचीच काठी मोडलेल्या पायाला लावून घट्ट आवळली. कचरूनं दात खाल्ले, आवाज काढला नाही. मग म्हणाला, "पानी."

पाणी होतं ते एकट्या चंद्रभागाबाईपाशी. उंबऱ्यावरून उचललेला तांब्या तिनं तसाच आणला होता. वाटेत अर्धा हिंदकळून गेला, अर्धा उरला. ती पुढं झाली. आणि कचरूनं, पडल्या पडल्याच, मान वर केली आणि दोन्ही तळव्यांची ओंजळ करून ओठांपाशी धरली.

कुणी सांगितलं नव्हतं. लढाई केलेला, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलेला, रामरामालाही जयभीमनंच जबाब देणारा हा माणूस. पण घशाला कोरड पडली आणि समोर ते दार नसतानाही त्या दारातली बाई दिसली, तेव्हा हात आपोआप बापासारखे जुळले.  पंचशीलानं रागानं चंद्रभागाबाईकडं बघितलं. म्हातारीचाही हात सवयीनं वर गेला होता, तांब्या कलता होऊन ओंजळीवर आलेला. धार पडायची तेवढी बाकी.

धार पडली नाही. चंद्रभागाबाई त्या ओंजळीकडं बघत राहिली. 

"काय करतो रं हे?" ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, खरखरीत, पण मध्येच फाटला. "खाली घे ते हात. खाली घे म्हनते ना!"

आणि ती बसली. वाळूत, चिखलात, गुडघे कडाकडा वाजवत. एका हातानं तिनं कचरूची मान उचलली, दुसऱ्या हातानं तांब्या त्याच्या हातात दिला, आणि सांडू नये म्हणून वरून आपला हात धरला. कचरू तोंड लावून प्याला. घटाघटा, पार तळापर्यंत.

पाणी संपल्यावर त्यानं मिशा पुसल्या. "आक्का, तांब्या बाटला की तुमचा."

"गप पड," चंद्रभागाबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. सटवाला काही ऐकू आलं नव्हतं, पण तोही रडत होता.

प्रविणची गाडी आली ती थेट ओढ्याच्या काठाला घेतली. सगळ्यांनी मिळून कचरूला मागच्या सीटवर आडवं केलं, पंचशीलानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोवर ओढ्यावर सगळे म्हातारे जमले होते. काठी वाजली नाही म्हणून जो तो आपल्या दारातून उठून आला होता. गाडी सुरू झाली तरी तांब्या कचरूच्या हातातच. पंचशीलानं तो खिडकीतून चंद्रभागाबाईपुढं धरला.

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "उसना दिलाय मी. त्यानं आपल्या हातानं आनून द्यायचा."

पंचशीलाला कळलं, बाईनं काय केलं ते. उसनं भांडं ठेवून घेणं कचरू फौजीला या जन्मात जमणार नव्हतं. एवढ्या वर्षांनी बाप गाडीत बसला होता, आणि या म्हातारीनं त्याच्या हातात परतीचं तिकीट देऊन ठेवलं होतं. तिला राग आला. त्या रागाखाली दुसरंही काहीतरी आलं, पण त्याकडं बघायला तेव्हा वेळ नव्हता.

"सटवा!" आतून कचरू ओरडला. "उद्यापासनं फेरी तू घ्यायची!"

"आं?"

"फेरी! तू!"

"मला कुठं काय ऐकू येतंय!"

"तांब्या ऐकायचा न्हाई बे, बघायचा असतो!"

पुण्याला ऑपरेशन झालं, पायात स्टीलची पट्टी बसवली, आणि कचरू लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. त्रास म्हणून काही दिला नाही. सांगितलेल्या गोळ्या घेतल्या, वॉकर धरून चालायला शिकला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला कडक सलाम ठोकला. गावी कधी जायचं, असं एकदाही विचारलं नाही. सकाळी सटवाचा फोन यायचा आणि सगळ्या मजल्याला कळायचं की गावातले तांबे जागच्या जागी आहेत. फोन झाला की कचरू खिडकीतला तो पितळेचा तांब्या घ्यायचा, चिंच लावून घासायचा, धुवायचा आणि पुन्हा खिडकीत ठेवायचा. तांब्या आरशासारखा झाला होता, तरी घासणं चालूच.

पंचशीला ड्यूटीला जाता-येता ते बघायची. बाप आता तिच्यापाशी होता. बीपी रोज तिच्या हाताखाली. जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं. आणि तरी रोज सकाळी हा माणूस दुसऱ्याचा तांब्या घासत बसायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मागितलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

शिमगा झाला आणि एका सकाळी तिनं त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. "पुरे आता, छिद्र पडेल त्याला. शनिवारी देऊन येऊ."

कचरूनं वर बघितलं. "तू म्हनतीस तर."

"मी म्हणते. पण पावसाळाभर इकडं राहायचं. गाव भरलेलं असतं तेव्हा तुमची तिथं गरज नाही, मला आहे. कबूल?"

"कबूल," कचरू म्हणाला. आणि फौजीची जबान होती ती.

गावात पोचले तेव्हा कचरू घरी बसलाच नाही. उसनं भांडं रिकामं परत करू नये म्हणून पंचशीलानं साखर काढली होती. त्यानं नको म्हटलं आणि घरच्या माठातलं पाणी भरून घेतलं. या खेपेला रस्त्यानं गेले, ओढ्यातनं नाही. चंद्रभागाबाईच्या दारात बघतात तो म्हातारी स्वतःच उंबऱ्यावर बसलेली, मोकळ्या हातांनी.

"रोज अशीच बसते!" सटवानं लांबूनच तक्रार केली. "धा तांबे हायत घरात, पर एक ठेवत न्हाई! सकाळच्याला हीच उंबऱ्यावर!"

"हजेरीचा तांब्या ह्यो घेऊन गेला," म्हातारी म्हणाली. "मग मीच बसते."

कचरूनं वाकून तांब्या तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, आत पाणी आहे हे बघितलं, कुठलं आहे तेही तिला कळलं. तोंडाला लावला आणि सावकाश प्याली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तुझा तांब्या कुठं असतो रं, फौज्या? उंबऱ्यावर?"

 पंचशीलानं बापाकडं बघितलं आणि तिला हसू आवरेना. "नसतो, आक्का. कधीच नसतो."

"बरं," चंद्रभागाबाई म्हणाली.

रविवारी पंचशीलाला परतायचं होतं. पहाटे ती उठली, स्वतःची एकटीची पिशवी भरली. फडताळातून बापाचा फौजेतला पांढरा मग काढला, कडांचा मुलामा उडालेला, आणि पाणी भरून उंबऱ्यावर ठेवला. कचरू अजून अंथरुणातच होता. पाय अजून ठणकायचा, फेरी सटवाकडंच होती. तिनं चहा ठेवला. एवढ्यात अंगणात काठीचा आवाज आला, हळूहळू, थांबत थांबत, आणि उंबऱ्यावर मग वाजला. टक्क.

"फौज्या," बाहेरून खरखरीत आवाज आला. "हायस का?"

कचरू अंथरुणात उठून बसला. त्यानं लेकीकडं बघितलं, डोळे भरून आलेले. मग पाठ ताठ केली, मान वर केली, आणि परेडवर देतात तसा, पार वरच्या आळीपर्यंत पोचेल असा जबाब दिला.

"हाजिर!"